तीन नंबरच्या खोलीची गळती

सोंगख्लाच्या मासळी बंदरावर थाओकेंचं कोल्ड स्टोरेज आहे, आणि तिथल्या स्टोअरवर बावीस वर्षं लमाई बसते. बसते हे आपलं म्हणायला. तिला बसलेली कुणी पाहिलेली नाही. रबरी बूट हवेत? आधी फाटके आण. हातमोजे हवेत? कागद आण, कागदावर सही आण. एकदा खुद्द मालकांच्या, म्हणजे थाओकेंच्या जावयाला तिनं बल्बसाठी हात हलवत परत पाठवलं होतं, जुना बल्ब आणला नाही म्हणून. जावई तणतणत सासऱ्याकडे गेला, तर थाओके म्हणाले, "मग आण ना जुना बल्ब. माझ्याकडूनही मागते ती."

अशा बाईला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत जायची बुद्धी झाली ती एका फॉर्ममुळे. आमचे गोठवलेले माकूळ घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकानं चौदा पानी फॉर्म पाठवला. तुमच्या कारखान्यामुळे वर्षाला किती कार्बन हवेत जातो ते कळवा, नाहीतर पुढच्या ऑर्डरचं विसरा. फॉर्म या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, कुणी त्याला हात लावायला तयार नाही. शेवटी थाओके म्हणाले, "सगळं सामान स्टोअरमधूनच जातं ना? द्या लमाईला." लमाईनं चष्मा पुसला आणि कार्बनच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'काही नाही. आमच्याकडे धुराडं नाही.'

आठ दिवसांत फॉर्म परत आला. त्या ओळीखाली लाल रेघ आणि बाजूला एक प्रश्नचिन्ह. बस्स, एवढंच. कुणी शिवी दिली असती तर तिनं व्याजासकट परत केली असती, पण प्रश्नचिन्हाला काय करणार? तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याच शनिवारी ती व्हॅन पकडून हाटयाईला गेली. तिथल्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगवाल्यांचा शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, कंपन्यांचे शाश्वतता अहवाल आणि कार्बनचा हिशेब. पहिली पदवी तिनं आधीच नोकरी करता करता, घरबसल्या परीक्षा देऊन मिळवलेली होती. नाव घातलं आणि आली.

"आता या वयात दप्तर घेणार?" नवऱ्यानं, जरूननं विचारलं.

"दप्तर नको. तुमची हत्यारांची पिशवी द्या, रिकामीच असते ती."

जरून त्याच कोल्ड स्टोरेजचा मशीनवाला. कंप्रेसरच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, बोलायला गोड, भांडणाला नालायक. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण ती त्याला 'पी', म्हणजे थोरला, म्हणूनच हाक मारी आणि त्या थोरल्याला दिवसातून चार वेळा धाकटं करून सोडी.

वर्गात सगळी पंचविशीतली पोरं. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला 'पा', मावशी करून टाकलं. शेजारी बसणाऱ्या योकनं तिला लॅपटॉपवर तक्ते बनवायला शिकवले आणि बदल्यात दर रविवारी लमाईच्या डब्यातला खाव याम, म्हणजे कालवलेला भात, अर्धा खाल्ला. शिकवायला होत्या आचान, म्हणजे बाई, विलासिनी. बत्तीस वर्षांची किडकिडीत पोरगी, पण वर्गात आली की पंखासुद्धा हळू फिरायचा. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, की कार्बनचे तीन हिस्से असतात. तुमच्या चुलीत जळतं तो पहिला. तुमच्या दिव्यासाठी विजेच्या कारखान्यात जळतं तो दुसरा. आणि तुमच्यासाठी बाकी जगात कुठंकुठं जळतं तो तिसरा, आणि त्याला अंत नाही. धुराडं नसलं म्हणून कुणी सुटत नाही, असंही त्या म्हणाल्या. लमाईनं मान खाली घालून ते वाक्य लिहून घेतलं.

सांगायची गोष्ट ही, की बाईला ते आवडलं. मनापासून आवडलं. बावीस वर्षं ती आत काय आलं आणि बाहेर काय गेलं तेच तर लिहीत होती. फक्त हवेत काय गेलं ते कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. वजन-मापांची गडबड तिच्या नजरेतून सुटायची नाही. एकदा साऱ्या वर्गानं विजेचा आकडा हजारपट चुकवला, आणि 'एवढ्या विजेवर आख्खं फुकेट उजळेल' म्हणून पहिली ओरडली ती हीच. आचान हसल्या. तो दिवस लमाईनं घरी चार वेळा सांगितला.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एका खऱ्या कंपनीचा कार्बनचा हिशेब करायचा होता. तो त्या कंपनीच्या मालकापुढे आणि आचानांपुढे मांडायचा, पास झालं तरच पदवी. लमाईनं अर्थात थाओकेंचं कोल्ड स्टोरेज घेतलं. थाओके खूश. या खेपेला गिऱ्हाइकाला तिचाच आकडा पाठवायचा असंही ठरलं. वीज नऊशे टन, गाड्यांचं आणि जनरेटरचं डिझेल एकशे ऐंशी. झाले एक हजार ऐंशी. तिनं आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि त्याच रविवारी आचानांनी थंड करणाऱ्या गॅसचा धडा घेतला.

"मशीनमध्ये गॅस किती आहे ते विचारू नका," त्या म्हणाल्या. "वर्षभरात नव्यानं किती भरावा लागला ते विचारा. मशीन गॅस खात नाही. जेवढा भरला तेवढाच गळाला. आणि कोल्ड स्टोरेजमध्ये बहुतेक ठिकाणी जो वापरतात त्याचा एक किलो म्हणजे जवळजवळ चार हजार किलो कार्बन."

"चार हजार?" लमाईनं विचारलं. "आचान, चारच असेल, नीट बघा."

"चार हजार, पा लमाई."

पोरं हसली. लमाई नाही हसली. बिलं चाळून उपयोगच नव्हता, कारण बिलावर तो गॅस 'दुरुस्ती' म्हणून पडायचा, कुणाच्या बापाला सापडला नसता. पण टाक्या तीच द्यायची. रिकामी आण, भरलेली ने. गेल्या वर्षी सव्वीस. सव्वीस टाक्या, प्रत्येकीत अकराला जरा कमी किलो. तिनं वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. अकराशे दहा टन. सगळ्या विजेपेक्षा जास्त. आख्खा हिशेब दुप्पट. आणि त्या सव्वीसच्या सव्वीस टाक्या तीन नंबरच्या खोलीसाठी नेल्या होत्या तिच्या नवऱ्यानं. तिनं वही मिटली.

संध्याकाळी जरूननं केंग सोम रांधलं होतं, जिताडा घालून, तिच्या आवडीचं आंबटजाळ. तिनं एक घास घेतला आणि सरळच विचारलं.

"पी, तीन नंबरच्या खोलीत गॅस कुठं जातो?"

"कुठं म्हणजे? आत जातो, थंड करतो."

"सव्वीस टाक्या आत गेल्या तर ती खोली फुगून फुटली असती. बाहेर कुठं जातो ते विचारतेय."

जरूननं चमचा खाली ठेवला. वाटी बाजूला सारली. शेवटी त्यानं सांगितलं. तीन नंबरची कॉइल, म्हणजे गॅस फिरतो ती नळी, चिरली त्याला अकरा वर्षं झाली. एका जागी नाही, बारीक बारीक दहा जागी. नवी घालायची तर खोली पंधरा दिवस बंद ठेवावी लागणार. पण ते ज्या आठवड्यात कळलं त्याच आठवड्यात थाओकेंच्या मालकीणबाई गेल्या. माणूस सरणापुढं उभा आणि त्याला कॉइल सांगायची? जरूननं गॅस भरला आणि वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी वाटलं सांगू, तर थाओकेंनी चिनी नववर्षाच्या जेवणात सगळ्यांदेखत ग्लास वर केला आणि म्हणाले, जरून आहे तोवर माझी तीन नंबरची खोली म्हातारी होणार नाही. आता यावर कसं सांगायचं? त्याच्या पुढच्या वर्षी तर सांगायचं म्हणजे दोन वर्षं का दडवलं तेही सांगायचं. आमच्या लोकांचं हे असं आहे. समोरच्याच्या मनाला लागेल म्हणून तोंड उघडायचं नाही, आणि मग घर गळलं तरी बादली सरकवत बसायचं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

"दर खेपेला वाटतं, ही शेवटची टाकी," जरून म्हणाला.

"अन् मी दर खेपेला मोजून देत होते! विचारलंही नाही, इतका गॅस का लागतो म्हणून. दुसऱ्या कुणी वर्षात सहावा झाडू मागितला तर मी त्याची उलटतपासणी घेते."

"मग आताही नको विचारूस. बिलावर दुरुस्ती आहे ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. त्यांनी मला एवढं वर चढवून ठेवलंय, लमाई. आता त्यांच्या तोंडावर तू म्हणणार, हाच माणूस तुमचा सगळ्यात मोठा धूर?"

तिला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाला जेवण जात नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आकडा लिहिला तर नवऱ्याची अब्रू जाते. नाही लिहिला तर हे दोन वर्षांचं शिकणं गेलं चुलीत.

योकनं वाट दाखवली. तिला लमाईनं कुणाचं काय ते सांगितलं नव्हतं, फक्त एक आकडा अडचणीचा आहे एवढंच. "पा, तिथं 'माहिती उपलब्ध नाही' लिहायचं. मोठमोठ्या कंपन्या लिहितात. चालतं ते." लमाईनं तसं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. मसुदा देऊन ती घरी आली आणि जरूनला म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं." त्यानं तिच्यासाठी पपई कापली. ती खाताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

पुढच्या शनिवारी मसुदा परत आला. आचानांनी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या होत्या. फक्त गॅसच्या ओळीसमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पा लमाई, या कंपनीचं स्टोअर कोण सांभाळतं?'

लमाईचे कान तापले. बावीस वर्षं जिनं एका बल्बचा हिशेब सोडला नाही, ती बाई लिहून देते, माहिती उपलब्ध नाही! ती तशीच वर्गाबाहेर जाऊन जिन्यावर बसली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीसारखा गळ्यातला पंचाच डोळ्यांना लावला. लाज वाटली तिला, आणि लाज वाटली हे बरं झालं.

सोमवारी सकाळी बंदराकडे निघताना तिनं जरूनला सांगून टाकलं. "मी आकडा लिहिणार. तुमचं नाव लिहिणार नाही, गळती कुठं आहे ते लिहिणार. तुम्ही माझ्यावर रुसा, बोलू नका, वेगळं शिजवून खा. पण मीच स्टोअरवाली आणि मीच म्हणू मला माहीत नाही? उद्या कुठल्या तोंडानं कुणाकडे जुना बूट मागू?"

जरूननं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "लिही," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी मशीनवर असेन. वर येणार नाही."

"नका येऊ."

बोलून गेली, पण वाटेत मोटरसायकलवर त्याच्या पाठीमागं बसून तिला एकदम एकटं वाटलं.

हिशेब मांडायचा दिवस बुधवारचा. कोल्ड स्टोरेजच्या माडीवरच्या खोलीत, सकाळी दहाला. आचान हाटयाईहून आल्या. थाओके चांगला शर्ट घालून आले, सत्तरीचा माणूस, वहीपेन घेऊन पुढं बसला. बाजूला ऑफिसातली चार माणसं. लमाईनं हात जोडले आणि सुरुवात केली. वीज सांगितली. डिझेल सांगितलं. थाओके दर आकड्याला मान हलवत लिहून घेत होते. मग गॅसचं पान आलं. दरवाजा किंचित वाजला. तिनं बघितलं, तर जरून आत येऊन भिंतीला टेकून उभा होता. हातात टोपी.

तिनं पान सरळ केलं. मग ती म्हणाली, "गॅस. सव्वीस टाक्या. अकराशे दहा टन. वीज आणि डिझेल दोन्ही मिळून जेवढं होतं, त्याच्याहून जास्त. एकूण दोन हजार एकशे नव्वद."

ऑफिसातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. थाओकेंचं पेन थांबलं.

"हे कुठल्या खोलीतलं?"

"तीन नंबरच्या."

"कधीपासूनचं?"

इथं लमाई गप्प झाली. तिला माहीत होतं. पण ते सांगणं तिचं काम नव्हतं, तेवढं तिला कळत होतं. पुढचं मागच्या भिंतीकडून आलं.

"अकरा वर्षांपासून," जरून म्हणाला. "कॉइल चिरलीय, थाओके. मालकीणबाई गेल्या त्या आठवड्यात मला कळलं. तेव्हा तुम्हाला सांगवलं नाही. मग तुम्ही माझं कौतुक करत गेलात अन् मला सांगवलंच नाही. मी खोली सांभाळली नाही. मी नुसता गॅस भरत गेलो."

एवढं बोलून त्यानं टोपी छातीशी धरली आणि मान खाली घातली. लमाईला वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, पण माझा माणूस सगळ्यांदेखत उभा राहिला. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की पुढचं पान दाखवायचं ती विसरूनच गेली.

थाओकेंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?" हे लमाई ओरडली. मालकापुढं असं ओरडतात का? पण ओरडली.

"अगं, माझ्या खिडकीखालूनच भंगारवाल्याची गाडी जाते. दर वर्षी तिच्यावर टाक्या वाढत होत्या. मला दिसत होतं ना. पण जरूनला विचारायचं कसं? विचारलं तर त्याला वाटणार, मालकाचा माझ्या हातावरचा विश्वास उडाला. म्हणून मी दर नववर्षाला जास्तच कौतुक करत गेलो. म्हटलं, त्याला धीर येईल, अन् तो आपणहून सांगेल."

"तुम्ही कौतुक करत होता म्हणून तर मी सांगत नव्हतो!" जरून म्हणाला.

आचान विलासिनींनी तोंडावर हात धरला. ऑफिसातल्या एकाला हसू आवरेना, त्यानं खोकल्याचं सोंग केलं. अकरा वर्षं दोन शहाणी माणसं एकमेकांचं मन राखत बसली, अळीमिळी गुपचिळी, आणि गॅस आपला खुशाल वर चालला होता. आमच्या बंदराची ही कथा आहे, दुसऱ्या कुठल्या गावात घडायची नाही.

"लमाई," थाओकेंनी विचारलं, "या अकरा वर्षांत सगळा मिळून किती गेला असेल?"

तिला आकडा पाठच होता. "सुरवातीला कमी होता, मग वाढत गेला. मी जुन्या वह्या काढून बेरीज केलीय. साडेसात हजार टन."

थाओकेंनी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "एवढी महाग भीड," ते हळूच म्हणाले. मग मान वर करून, "बँकॉकहून माणसं बोलवू कॉइलला?"

"बँकॉकची कशाला?" जरून भिंतीपासून पुढं झाला. आवाज जरा चढलाच त्याचा. "मला खोली पंधरा दिवस बंद पाहिजे. दोन माणसं पाहिजेत, जोडकाम येणारी. आणि नवी कॉइल पाहिजे, जुनीला ठिगळ लावणार नाही मी."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बावीस वर्षांत या माणसानं 'पाहिजे' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता, आणि आता एका दमात तीनदा.

"घे," थाओके म्हणाले.

बस्स. अकरा वर्षं जे मागायला तोंड उघडलं नाही, ते मिळायला एवढासा शब्द लागला. जरूनला ते लगेच कळलंच नाही. तो आणखी समजावून सांगायला लागला, पंधरा दिवस का लागतील, माल एक नंबरच्या खोलीत कसा हलवता येईल. लमाई म्हणाली, "पी, घे म्हणालेत ते. आता गप्प बसा." तेव्हा कुठं सगळे मोकळेपणानं हसले.

आचानांनी अहवाल पुढं ओढला. त्यांना गुण द्यायचे होते आणि त्या काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "पा, शेवटचं पान रिकामं आहे. पुढच्या वर्षी किती कमी करणार, आणि ते कोण करणार. ते नसेल तर हा नुसता हिशेब झाला, अहवाल नाही."

"ते मी कसं सांगू?" लमाई म्हणाली. "ते मशीनवाल्याला विचारा."

"शून्य म्हणा," ऑफिसातला एक म्हणाला. "गिऱ्हाइकाला बरं वाटेल."

"शून्य नाही," जरून म्हणाला. "शून्य म्हणजे पुन्हा खोटं. दोन टाक्या. दोन लागतील, नवी कॉइल असली तरी सांधे असतात. दोनच्या वर गेलं तर मी स्वतः वर येऊन सांगेन, कुणी विचारायची वाट बघणार नाही."

लमाईनं लिहिलं, दोन टाक्या. खालच्या ओळीत करणाऱ्याचं नाव हवं होतं. ती लिहिणार तेवढ्यात जरून टेबलाशी आला. टोपी काखेत धरली, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि वाकून स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर लावून. मग पेन तिच्या हातात परत दिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि आचानांनी काय गुण लिहिले ते तिला नीट वाचताही येईना.